धोत्र्याचे फूल आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा
(उत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



हिंदूराव हे नाव आपण रोज घेतो, बसवरही वाचतो. पण ते एका मराठी माणसाचे नाव आहे, हे आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसते. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. त्याचा टेकडीवरचा बंगला पुढे हिंदूरावांनी घेतला, आणि १८५७ च्या वेढ्यात तोच बंगला इंग्रजांचे ठाणे झाला. आज तिथे इस्पितळ आहे. असो. टेकडीच्या या बाजूला हिंदूराव आणि त्या बाजूला दिल्ली विद्यापीठ. मला आज बोलायचे आहे ते त्या बाजूबद्दल.

तिथेही एक मराठी माणूस आहेच. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख आपल्याला माहीत आहेत. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, हे मात्र कमी जणांच्या लक्षात असते.

त्या वेळी प्रश्न असा होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारल्या. पुण्याची रासायनिक आणि इथली पुसा भागातली भौतिक, दोन्हींचे उद्‌घाटन १९५० च्या जानेवारीत झाले. उत्तम संस्था आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण पैसा, यंत्रे आणि हुशार माणसे तिकडे गेली, आणि विद्यापीठात उरले शिकवणे. जो स्वतः शोध करत नाही त्याने शोध कसा करायचा हे शिकवायचे, अशी वेळ आली. यावर उपाय म्हणून आयोगाने १९६३ मध्ये प्रगत अध्ययन केंद्रांची योजना आणली. तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते दिल्लीच्याच भौतिकशास्त्र विभागाचे डॉ. दौलतसिंग कोठारी. देशभरातले निवडक विभाग राष्ट्रीय केंद्र म्हणून घोषित करायचे, त्यांना जादा जागा, उपकरणे, ग्रंथालय आणि शिष्यवृत्त्या द्यायच्या, मात्र तो विभाग विद्यापीठातच राहील आणि एम.एस्सी.चे वर्ग घेईल. पुण्याचे संस्कृत केंद्रही याच योजनेतले, १९६४ चे. रा. ना. दांडेकर त्याचे पहिले संचालक.

दिल्लीच्या मानकरी विभागांत वनस्पतिशास्त्र होते. विभागप्रमुख पंचानन माहेश्वरी, वनस्पतींच्या गर्भविज्ञानातले जगन्मान्य नाव. आता बाप्पाच्या एकवीस पत्री आठवा. त्यात धोत्रा आहे ना? त्याच्याच जातीतल्या एका धोत्र्यावर शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी काम केले. फुलातले परागकोश काढून काचेच्या नळीत पोषक द्रव्यावर ठेवायचे आणि आत पेशी कशा विभागतात ते पाहायचे, एवढाच बेत होता. काही आठवड्यांनी परागकोशातून इवले हिरवे अंकुर बाहेर आले! १९६४ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आले. पण अंकुर नक्की परागकणातूनच आले, की परागकोशाच्या भिंतीतून? हे सिद्ध करणारा दुसरा लेख १९६६ चा. मला पहिल्या लेखापेक्षा या दुसऱ्या लेखाचे मोल जास्त वाटते. टाळ्या मिळाल्यावर पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणे सोपे नसते.

याचा उपयोग काय, असे कोणीही विचारील. धोत्र्याच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, परागकणात निम्मी, १२. परागकणातून वाढलेल्या रोपात १२ च. ती औषधाने दुप्पट केली की दोन्ही संच अगदी सारखे, म्हणजे एका फटक्यात शुद्ध वाण. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करत बसावे लागते. तंबाखू, भात, गहू, सगळीकडे ही रीत गेली. जपानमध्ये १९६८ मध्येच भातावर साधली.

हे सगळे ज्या इमारतीत घडले, तिथेच शेजारच्या खोल्यांत विद्यार्थ्यांचे वर्ग भरत. मला हेच सांगायचे आहे. घोषित केंद्राची पाटी दारावर लागते, पण काम चालते ते दरवर्षी आत येणाऱ्या नव्या मुलामुलींवर. आणि ती मुले आपण पाठवत नाही. बारावीला चांगले गुण मिळाले की इंजिनियरिंग, नाहीतर मेडिकल, ‘नुसती बी.एस्सी.’ म्हटले की घरात सुतक. मुलगी प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबणार म्हटल्यावर तर बोलायलाच नको. शिप्रा गुहांच्या काळी हे सोपे होते असे समजू नका.

तेव्हा यंदा प्रवेशासाठी जाल तेव्हा नुसते कॉलेज पाहून परत येऊ नका. वर्ग घेणारे प्राध्यापक स्वतः कशावर काम करतात, एम.एस्सी.च्या मुलांना उपकरणाला हात लावू देतात की लांबून दाखवतात, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. कँटीनमध्ये विचारा, ऑफिसात नको. विद्यापीठ इथून टेकडी ओलांडली की आहे. कोणाला सोबत हवी असेल तर मला सांगा, शनिवारी सकाळी मी मोकळा असतो.

आरतीची वेळ झाली आहे.  गणपती बाप्पा मोरया!