दिवाणाखालची रेल्वे

(तुमसर तालुक्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)



ही पेटी टेबलावर ठेवली तेव्हा एका ताईंनी विचारलं, "शिलाई मशीन हाये काय वो?" नाही. हिच्यात रेल्वे आहे. उघडून, जोडून, तारा लावेपर्यंत थोडा वेळ जाईल, तोवर ती कशी झाली ते सांगते.

माझे बाबा तुमसर रोड स्टेशनवर पॉइंट्समन होते. सांधे बदलण्याचं काम. तिरोडी फाट्यावरून मँगनीजच्या मालगाड्या यायच्या, त्यांचं शंटिंग चाले. भाऊ बाबांबरोबर यार्डात जायचा. मी डबा पोहोचवायचा आणि तिथूनच मागे फिरायचं. एका दिवाळीला नागपूरहून चावीची आगगाडी आली, ती भावाला. मला भंडाऱ्याची पितळी भातुकली. भातुकली सुरेख होती, खोटं कशाला बोलू? पण गाडीची स्प्रिंग तुटली तेव्हा "मी उघडून बघते" म्हटलं, तर पाठीत धपाटा मिळाला. गाडी तशीच माळ्यावर गेली.

मग लग्न, मुलं, सासर. हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

बावन्नाव्या वर्षी मुलीकडे पुण्याला गेले होते. तिनं कोथरूडचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय दाखवलं. भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं. आख्खं शहर मांडलेलं आहे आणि त्यातून गाड्या धावतात. मी तिथून हलेना. पण परतीच्या प्रवासात एकच प्रश्न डोक्यात: आपण केलं तर ठेवायचं कुठे? आमचं घर तीन खोल्यांचं. पुढची खोली पाहुण्यांची, मधली सासूबाईंची आणि टीव्हीची, मागे स्वयंपाक. एखादी वस्तू आठ दिवस न हलवता राहू द्यावी, अशी दोन हात जागा घरात माझी म्हणून नव्हती. मालमत्तेच्या हक्कावर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण टेबलाच्या हक्काचं काय? नवऱ्याचे कागद टेबलावर पडलेले असले की ते "काम" असतं. माझं काही असलं की तो "पसारा".

तेव्हा ठरवलं, पसारा करायचा तो झाकण लावून दिवाणाखाली जाईल असाच.

दिवाणाखालची जागा मोजली. दोन फूट लांब, एक फूट रुंद अशा दोन फळ्या, समोरासमोर मिटणाऱ्या, बॅगेसारख्या. नऊ मिलिमीटर प्लायवूड, खाली पट्ट्यांची चौकट, म्हणजे फळी वाकत नाही. संग्रहालयातली मॉडेलं मूळ गाडीच्या ८७ व्या हिश्शाची. त्या मापात आपला साधा प्रवासी डबा जवळजवळ पाऊण फुटाचा होतो, माझ्या फळीवर तीन डब्यांतच स्टेशन संपलं असतं. म्हणून मी १६० वा हिस्सा घेतला. त्याला एन गेज म्हणतात. दोन रुळांतलं अंतर नऊ मिलिमीटर. इथे एक खोट आहे, आधीच कबूल करते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १६० नं भागलं तर साडेदहा येतात. नऊ हे १४३५ मिलिमीटरच्या परदेशी रुळांचं माप. पण रूळ आणि इंजिन तयार मिळतं ते त्याच मापाचं. भिशीचे पैसे त्यातच गेले.

खरी परीक्षा दोन फळ्यांच्या सांध्यावर होते. रुळांची टोकं जराही वरखाली झाली की गाडी पडलीच. त्यासाठी काठावर दोन्ही फळ्यांत पितळी स्क्रू पिळायचे, रूळ अखंड ठेवून त्यांच्या डोक्यांवर सोल्डर करायचा आणि मग बारीक करवतीनं मधोमध कापायचा. टोकं कधी हलत नाहीत. सोल्डरिंग शिकायला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. दुकानदार सगळं समजावून सांगत होता, पण माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून! नवरा म्हणाला, "मला नाही, तिला सांगा." त्या एका वाक्यासाठी त्यांचे बाकीचे पसाऱ्याचे उल्लेख मी माफ केले आहेत. सगळे नाही.

बिजागऱ्या मी खिळी निघणाऱ्या लावल्या, म्हणजे फळ्या सुट्या करता येतात. त्या लाकडी ठोकळ्यांवर उंच बसवाव्या लागतात, नाहीतर मिटताना घरं घरांवर आपटतात. मी स्टेशनचं छप्पर मोजून ठोकळे केले, पाण्याची टाकी मोजायची राहिली. पहिल्यांदा मिटलं आणि कडकन आवाज आला. थर्मोकोलवर रबर सोल्यूशन लावून एक टेकडीही वितळवली आहे. फेविकॉलच वापरा.

बाकी सामान इथलंच. वैनगंगेची वाळू चहाच्या गाळणीनं चाळली, ती रुळांखालची खडी. रंगवलेला लाकडाचा भुसा म्हणजे धानाच्या बांध्या. खाणीकडे जाणारा एक फाटा आहे, डोंगरी बुजुर्गची आठवण म्हणून. वाघिणींत कोळशाचा चुरा, मँगनीजसारखा दिसतो.

माणसं मात्र विकत मिळतात ती कोट-टोपीवाली. आमच्या खाणीवर मँगनीज फोडायला, निवडायला बायका असत. म्हणून तारेवर एम-सील लावून मी बायका केल्या. पाच फुटांची बाई या मापात साडेनऊ मिलिमीटर भरते. लुगड्याचा रंग सुईच्या टोकानं दिला. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी घातली होती. २०१९ मध्ये अटी घालून ती सैल झाली. ऊन, धूळ, ओझं यांना बंदी कधीच नव्हती. माझ्या स्टेशनवर एक बाई सांध्याच्या दांड्याशीही उभी आहे. बाबांच्या जागी.

काही जण हसतात, "बाई कुठं असते का तिथं?" साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, एवढं सांगून मी पुढचं काम करते.

झालं, तारा लागल्या. बारा व्होल्टचा प्रवाह आहे, हात लागला तरी धक्का बसत नाही. हे बटण फिरवलं की धन-ऋण उलट होतं आणि इंजिन मागे येतं. मुली हे दोन मिनिटांत शिकतात. आपण मोठ्या बायका आधी विचारतो, "बिघडलं तर?" बिघडलं तर उघडून बघू. पाना इथे आहे.

याच टेबलावर जेवणं वाढायची आहेत, म्हणून एक वाजता पेटी बंद. कोण येतं आधी?