एका चित्रानंतर दुसरे चित्र
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'ॲनिमेशनचे लघुपट आणि आपली शाळा' असे छापले आहे. ते वाचून आणखी एक काम आपल्या माथी येणार अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती स्वाभाविक आहे, परंतु आज मी कोणताही तक्ता भरावयास सांगणार नाही. आपल्या पुष्कळ शाळांतून आता पडदा किंवा दूरदर्शनसंच आला आहे आणि बहुतेक शिक्षकांच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. तयार चित्रफिती मुलांस दाखविण्याची सवयही आपणांस जडली आहे. चित्रफीत सुरू झाली की वर्ग शांत होतो, आणि वर्ग शांत झाला म्हणजे मुले पाहत आहेत असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे. दहा सेकंदांची का होईना, पण चित्रफीत स्वतः करावयास बसलेल्या मुलास वस्तूकडे नीट पाहिल्यावाचून गत्यंतरच नसते. ते कसे, हे काही चांगल्या लघुपटांच्या आधारे सांगतो.

चित्रपटात वस्तुतः काहीच हलत नाही. पडद्यावर एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे येऊन जातात आणि आपली दृष्टी त्यांतून हालचाल निर्माण करते. कॅमेरा सतत चालू न ठेवता एक चित्र घ्यावयाचे, वस्तू किंचित सरकवावयाची, पुन्हा एक चित्र घ्यावयाचे, या रीतीने निर्जीव वस्तूही चालू लागते. ॲनिमेशनचे मर्म एवढेच आहे. ही कला आरंभी ज्या साधनांनी उभी राहिली ती आपणांस ऐकून मौज वाटेल. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांनी १९०६ साली केलेल्या लघुपटात काळ्या फळ्यावर खडूने काढलेले चेहरे हसतात आणि डोळे फिरवितात. १९०८ साली पॅरिसमध्ये एमिल कोल यांनी सुमारे सातशे रेखाचित्रे काढून 'फँटास्मागोरी' हा दोन मिनिटांहूनही लहान चित्रपट केला. चित्रे पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी काढलेली होती, पण पडद्यावर ती फळ्यावरील खडूसारखी दिसावीत म्हणून त्यांनी काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल करून घेतली. फळा आणि खडू यांची टंचाई आपल्याकडे अद्याप तरी नाही.

याहूनही जवळचे उदाहरण आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, हे आपण मुलांस सांगतो. त्यापूर्वी, १९१२ साली लंडनहून कॅमेरा आल्यावर त्यांनी काय चित्रित केले, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फीत ओळखली जाते. बी पेरल्यापासून वेल होईपर्यंतचा काळ एका मिनिटाच्या आसपास डोळ्यांपुढून सरकला, आणि तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे गृहस्थ पुढील उद्योगासाठी कर्ज देण्यास तयार झाले. सरस्वतीबाई फाळके यांचा या साऱ्या खटाटोपात केवढा वाटा होता! फितीच्या कडेला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्या माउलीने घरातच केली. आपल्या देशातील चित्रपटधंद्याच्या आरंभी एक वाटाणा आहे, हे विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने विसरू नये.

येथे थोडे थांबतो, कारण या कथेत गणिताचा एक उत्तम पाठ दडला आहे. फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. सातवीच्या मुलांपुढे हे विधान ठेवावे आणि हिशेब करावयास सांगावे. मूकपटांच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे दाखवीत. रोज एक याप्रमाणे तीस दिवसांत तीस चित्रे झाली, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही भरले नाहीत. मिनिटभरासाठी नऊशे साठ चित्रे हवीत, म्हणजे दिवसाला बत्तीस. बारा तासांचा उजेड धरला तर साधारण बावीस मिनिटांना एक चित्र येते. छापलेले प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे, हा धडा मुलांस आयता मिळतो, आणि त्या माणसाच्या चिकाटीविषयीचा आदर वाढतो तो निराळाच.

फाळक्यांनीच पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यात काड्याच पात्रे होत्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले ईशू पटेल यांनी १९७७ साली कॅनडात 'बीड गेम' हा लघुपट केला, त्यात साधे मणी जमवून प्राणी घडविले आणि मोडले आहेत. काडी, मणी, चिंचोके, सागरगोटे, यांतील कशाला पैसे पडतात?

कॅनडातील नॉर्मन मॅकलॅरन यांचे नाव मी मुद्दाम घेतो. 'नेबर्स' हा त्यांचा १९५२ सालचा लघुपट सुमारे आठ मिनिटांचा आहे. दोन शेजारी आपापल्या घरापुढे खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचीत बसले आहेत. दोघांच्या हद्दीवर एक फूल उमलते. दोघांनाही त्याचा सुगंध मोहवितो, मग ते कोणाच्या जागेत आले यावरून वाद होतो, कुंपण उभे राहते आणि शेवटी दोघेही मरतात. आपल्या तालुक्यात बांधाच्या वादाचे दावे किती आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. हा चित्रपट समजावून देण्यासाठी मुलांस एक शब्दही सांगावा लागणार नाही. यातील तंत्र असे, की मॅकलॅरन यांनी जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखे वागविले. नट उडी मारी आणि तो हवेत असताना एक चित्र घेतले जाई. पुन्हा उडी, पुन्हा चित्र. परिणामी माणूस जमिनीवरून तरंगत चाललेला दिसतो. ध्वनीसुद्धा त्यांनी यंत्राच्या साह्याने थेट फितीच्या ध्वनिपट्टीवर उमटविला. मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. शेवटाकडे शेजाऱ्यांच्या बायकामुलांवर हल्ला होतो, तो भाग क्रूर आहे. लहान वर्गांस हा चित्रपट दाखवू नये, आणि मोठ्यांस दाखविण्यापूर्वी शिक्षकाने तो एकट्याने पाहावा. लहानांसाठी त्यांचाच १९५७ सालचा 'अ चेअरी टेल' चांगला. त्यात खुर्ची माणसाला बसूच देत नाही, रुसते, पळते; तिलाही आपल्यावर बसू दिल्यावर मगच ती राजी होते. खुर्ची दोऱ्यांनी हलविली आहे आणि पंडित रविशंकर व चतुरलाल यांचे वादन तिच्या रुसव्याला साथ देते.

आपल्याकडील 'एक अनेक और एकता' (१९७४) आपल्यापैकी पुष्कळांनी बालपणी पाहिला असेल. विजया मुळे यांनी तो केला, चित्रे भीमसेन यांनी हलविली. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांनी जाळ्यासकट उडून जाण्याची जुनी गोष्ट त्यात आहे. चित्रे अगदी साधी आहेत, आणि म्हणूनच तो पाहिल्यावर मुलांस 'हे आपल्यालाही जमेल' असे वाटते. झगमगीत चित्रफितींनी नेमकी हीच उमेद खचते, असे माझे निरीक्षण आहे.

गेल्या पावसाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेत मी हा प्रयोग पाहिला. काचेच्या पेल्यात ओल्या टीपकागदाला चिकटवून हरभरे ठेवले होते आणि शाळेच्या वेळात दर वीस मिनिटांनी एक मूल उठून मोबाईलने चित्र घेत होते. चौथीतील एक मुलगी, जिचे वाचन अद्याप अडखळते, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गुरुजी, हा खालीच चाललाय, वर कधी येणार?" मूळ आधी फुटते आणि ते खाली जाते, हे वाक्य तिने पुस्तकात वाचले नव्हते, तिने ते पाहिले होते. गुरुजी जाणते होते. त्यांनी उत्तर दिले नाही, तिच्या हातून पेला आडवा करविला. पुढे ती सारी चित्रे ओळीने चालविली तेव्हा मूळ काटकोनात वळून पुन्हा जमिनीकडे निघालेले सर्व वर्गाने पाहिले. वाचनात मागे म्हणून त्या मुलीची नोंद आमच्या कागदोपत्री आहे. निरीक्षणासाठी त्या कागदावर रकाना नाही.

आता करावयाच्या गोष्टी. मोबाईल हलता कामा नये. दोन विटांमध्ये तो घट्ट बसतो. उन्हाची खिडकी लावून घ्यावी, नाहीतर ढग आला-गेला की चित्रात प्रकाश मिचकावतो. सेकंदाला बारा चित्रे आपणांस पुरेत. खेळण्यातील गाडी एकसारख्या अंतराने सरकविली तर ती यंत्रासारखी धावते. खरी वाटावयाची तर निघताना थोडी, मध्ये अधिक आणि थांबताना पुन्हा थोडी सरकवावी. वरच्या वर्गांसाठी पडणारा चेंडू घ्यावा. सव्वा मीटरच्या सुमारास उंचीवरून पडणाऱ्या चेंडूस अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सहा चित्रे. कागदावर छत्तीस सेंटिमीटरची उभी रेघ आखून चेंडूचे कागदी वर्तुळ वरून एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस आणि छत्तीस सेंटिमीटरवर क्रमाने ठेवावे. मधली अंतरे एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा अशी येतात. प्रथम मुलांस समान अंतरे ठेवू द्यावीत. चेंडू पडत नाही, उतरतो आहे, हे तीच सांगतील. अंतरांचा नियम त्यानंतर सांगावा, आधी सांगितल्यास प्रयोगाचा अर्धा जीव जातो.

या फितींच्या स्पर्धा भरवू नयेत. मुलांचे चेहरे असलेली चित्रे पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही गटावर पाठवू नयेत. आणि अधिकारी येणार म्हणून शिक्षकाने रात्री जागून स्वतः केलेली सुबक फीत मला दाखवू नये. ती ओळखू येते.

भाषण येथे थांबवितो. बाहेरच्या व्हरांड्यात चार टेबले मांडली आहेत. प्रत्येकावर विटा, छत्तीस सेंटिमीटरची रेघ आखलेला कागद आणि मूठभर चिंचोके आहेत. जेवणास अद्याप पाऊण तास अवकाश आहे, तेव्हा पाच-पाच जणांनी एकेका टेबलापाशी चलावे आणि प्रत्येक गटाने एकाचा मोबाईल तेवढा बाहेर काढावा.