अंधारातील चित्रण आणि पडद्यावरच्या मुंग्या

(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आजचा माझा विषय प्रथमदर्शनी फार तांत्रिक वाटेल. मंद प्रकाशात कॅमकॉर्डरने घेतलेल्या चित्रणात जे सळसळणारे दाणे दिसतात, ज्यांना आपण घरात 'मुंग्या' म्हणतो, ते संगणकावर चित्रण दाबून साठवण्यापूर्वी कसे कमी करावेत, असा हा विषय आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या घरातील कपाटाशी आहे. १९८० व १९९० च्या दशकांत आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या अनेक बांधवांनी परत येताना व्हिडिओ कॅमेरे आणले. मेंदीची रात्र, निकाह, शाळेचे स्नेहसंमेलन असे प्रसंग त्यांनी टिपून ठेवले. समारंभ बहुधा रात्रीचे. मांडवात दोन-चार ट्यूबलाईट, आणि वीज गेली की गॅसबत्ती. त्या चित्रणातील कितीतरी वडीलधारी माणसे आज हयात नाहीत. नातवंडांना त्यांचे चालणे-बोलणे पाहण्यासाठी ती कॅसेट हेच एक साधन उरले आहे.

ह्या कॅसेटी दिवसेंदिवस खराब होत आहेत आणि त्या चालवणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. ती ह्या व्यवसायातील शेवटची ज्ञात उत्पादक होती. तेव्हा कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याची निकड आहेच. मात्र ते काम कसे करावे हे समजून घेतले नाही, तर जे जपायचे तेच आपल्या हातून पुसले जाईल.

प्रथम ह्या मुंग्या येतात कोठून ते पाहू. विद्यार्थ्यांनो, पावसात अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या मांडून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. मुसळधार पावसात प्रत्येक वाटीत साधारण दहा हजार थेंब पडले, तर वाटी-वाटीतील फरक सुमारे शंभर थेंबांचा, म्हणजे शेकडा एक इतकाच असतो. रिमझिम पावसात शंभरच थेंब पडले, तर फरक सुमारे दहा थेंबांचा, म्हणजे शेकडा दहा होतो. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टीवर अशा लाखो वाट्या असतात. उजेड भरपूर असला तर शेजारच्या वाट्या सारख्या भरतात आणि भिंत एकसारखी दिसते. उजेड थोडा असला की त्याच भिंतीवर कमीजास्त ठिपके उमटतात. त्यात कॅमेरा चित्र उजळण्यासाठी विजेचा संकेत वाढवतो. ही वाढ अठरा डेसिबल असेल तर संकेत आठपट होतो, पण त्याबरोबर ठिपकेही आठपट होतात. यंत्रातील विजेची स्वतःची खरखर त्यात मिसळते ती वेगळीच.

आता दुसरा मुद्दा, एन्कोडिंगचा. आपल्याकडील पाल पद्धतीच्या चित्रणात सेकंदाला २५ चित्रे असतात. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांच्या आकारात ती तशीच साठवली तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागेल. म्हणून एच.२६४ सारख्या पद्धती चित्रण दाबून लहान करतात. त्यांची युक्ती आपल्या शाळेतील कारकुनाला कळेल अशी आहे. रोज संपूर्ण हजेरी न लिहिता 'कालच्याप्रमाणेच, फक्त हे तीन बदल' एवढेच लिहून ठेवले तर वही वाचते. एन्कोडरही मागच्या चित्राशी ताडून केवळ फरक लिहितो. परंतु मुंग्या दर चित्रात नव्या जागी असतात. भिंत स्थिर असूनही एन्कोडरला प्रत्येक ठिपका बदललेला दिसतो. ठरलेल्या जागेतील मोठा वाटा तो ह्या निरर्थक बदलांवर खर्च करतो आणि चेहऱ्यासाठी फारसे काही उरत नाही. मग गालावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. एकदा ते फाईलमध्ये बसले की मुंग्या आणि चित्र दोन्ही बिघडलेल्या रूपात घट्ट होतात, आणि नंतरची सफाई फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून सफाई एन्कोडिंगच्या आधी करावयाची. २०१८ साली आलेल्या एव्ही१ पद्धतीत तर दाणे आधी काढून टाकावेत आणि चित्र दाखवताना तसेच कृत्रिम दाणे पुन्हा पसरावेत, अशी सोयच ठेवली आहे.

सफाईचे मुख्य मार्ग दोन. पहिला, ठिपक्याची त्याच चित्रातील शेजाऱ्यांशी सरासरी काढणे. ह्याने मुंग्या कमी होतात, पण कडाही पुसट होतात. दुसरा, त्याच जागेची मागच्या-पुढच्या चित्रांतील सरासरी काढणे. प्रयोगशाळेत आपण एकच लांबी चार वेळा मोजून सरासरी घेतो, त्यातलाच हा प्रकार. चार चित्रांच्या सरासरीने खरखर निम्म्यावर येते, सोळा चित्रांनी पाव होते, आणि स्थिर वस्तूची रेखीवता कायम राहते. अडचण हालचालीची. नवरीने हात उचलला तर ह्या पद्धतीने हातामागे भुतासारखी छाया ओढली जाते. म्हणून चांगले फिल्टर हालचाल ओळखून तेथे हात आखडता घेतात. ब्वादेस, कोल व मोरेल ह्या संशोधकांनी २००५ साली मांडलेली 'नॉन-लोकल मीन्स' ही पद्धत तर चित्रात दुसरीकडे असलेले सारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेते. 'हँडब्रेक' ह्या मोफत संगणक-प्रणालीत ही पद्धत आणि तिच्याहून जलद अशी 'एचक्यूडीएन३डी' दोन्ही उपलब्ध आहेत.

आता कामाचा क्रम सांगतो. कॅसेट शक्य तितक्या चांगल्या यंत्रावर चालवून कमीत कमी दाबलेल्या स्वरूपात संगणकात घ्यावी. मिनीडीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तेवढी जागा देण्यास मागेपुढे पाहू नये. ही मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि पुढील सर्व काम तिच्या नकलेवर करावे. जुन्या चित्रणात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या अंतराने टिपलेले असते. ते भाग आधी नीट सोडवून घ्यावेत, म्हणजे डीइंटरलेस करावेत. त्यानंतर सफाई. काळोखे चित्र उजळावयाचे असेल तर तेही सफाईनंतर, कारण आधी उजळले तर मुंग्याही उजळतात. रंगाचे लाल-निळे डाग थोड्या जास्त जोराने काढले तरी चालतात, कारण रंगातील बारकावे आपल्या डोळ्यांना कमी कळतात. उजेड-सावलीवर मात्र हात हलका ठेवावा. शेवटी एन्कोडिंग. हँडब्रेकमध्ये अशा चित्रणासाठी आरएफ हा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवतात. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला. सबंध कॅसेटवर हात घालण्यापूर्वी सर्वांत काळोखा असा एक मिनिटाचा तुकडा घेऊन प्रयोग करावा आणि तो मोठ्या पडद्यावर चालवून पाहावा.

पालकहो, आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. फिल्टरला मुंगी कोणती आणि आजीच्या कपाळावरची सुरकुती कोणती, हे कळत नाही. जरीची वेलबुट्टी, पांढऱ्या दाढीचे केस, खरबरीत हातांच्या रेषा ह्या त्याच्या लेखी दाण्यांसारख्याच. जोर वाढवला की चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. वरवर पाहणारा म्हणतो, 'वा, किती स्वच्छ!' पण ज्या मुलीने त्या आजीच्या मांडीवर बालपण काढले, तिला तो चेहरा परका वाटतो. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही निघाली आहेत. ती पुसट चेहऱ्यात नवे बारकावे भरतात. ते बारकावे कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. इतर असंख्य चित्रांवरून बांधलेला तो अंदाज असतो. करमणुकीसाठी ते ठीक. पण गेलेल्या माणसाची आठवण म्हणून पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे चित्र अंदाजाचे असू नये. थोड्या मुंग्या राहिल्या तरी हरकत नाही. माणूस खरा राहिला पाहिजे.

म्हणून दुकानातून साफ केलेली प्रत मिळाली की मूळ कॅसेट टाकून देऊ नका. मूळ प्रत असेल तर उद्या अधिक चांगली पद्धत निघाल्यावर काम पुन्हा करता येईल. जे एकदा पुसले गेले ते परत आणणारा फिल्टर नाही.

विद्यार्थ्यांना एक सूचना. पुढे तुम्ही चित्रण कराल तेव्हा लक्षात ठेवा, सर्वांत उत्तम फिल्टर म्हणजे उजेड. प्रकाश चौपट केला की खरखरीचे प्रमाण निम्म्यावर येते. एक दिवा वाढवा, जवळ जा, कॅमेरा तिवईवर ठेवा. आणि सुटीत आजी-आजोबांजवळ बसून त्या कॅसेटींवर नावे, गाव आणि साल लिहून घ्या. चित्र कितीही स्वच्छ केले तरी त्यातला माणूस कोण, हे कोणताही संगणक सांगणार नाही. ते सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम व्हावयास हवे.