दवंडी कोणाच्या मुलासाठी?



जत्रेत मूल हरवले की पूर्वी गावात दवंडी पिटली जात असे. अंगावर कोणत्या रंगाचे आंगडे होते, शेवटी कोणत्या वाटेला दिसले, एवढी चार वाक्ये वेशीपासून वेशीपर्यंत पोहोचत आणि सारा गाव शोधाला लागे. दवंडी पिटणारा गावकामगार बहुधा गावकुसाबाहेर राहणारा असे. त्याच्या वस्तीतले मूल हरवले तर त्याच तत्परतेने गाव धावेल काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. आज दवंडीची जागा आकाशवाणीने, दूरचित्रवाणीने आणि खिशातल्या मोबाइल फोनने घेतली आहे. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला आहे.

या नव्या दवंडीचा जन्म अमेरिकेत झाला. जानेवारी 1996 मध्ये टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे सायकल चालवीत असलेल्या अंबर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला एका इसमाने भरदिवसा उचलून गाडीत घातले. एका शेजाऱ्याने ते पाहून पोलिसांना कळविले. परंतु ती गाडी ज्या रस्त्यांवरून गेली असेल, त्या रस्त्यांवरील हजारो माणसांना कळविण्याचा मार्गच नव्हता. चार दिवसांनी मुलीचा मृतदेह मिळाला. वादळाची सूचना रेडिओवरून देता येते, मग पळविलेल्या मुलाची का नाही, असा साधा प्रश्न एका सामान्य नागरिक स्त्रीने उपस्थित केला आणि त्यातून ‘अंबर अलर्ट’ ही योजना उभी राहिली. 2003 साली तिला राष्ट्रीय कायद्याचे पाठबळ मिळाले आणि पुढे हा इशारा थेट मोबाइल फोनवर येऊ लागला. आजवर हजाराहून अधिक मुले त्यामुळे घरी परतल्याचे सांगितले जाते.

या घाईला आधार आहे. अपहरणानंतर ज्या मुलांचे खून झाले, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले पहिल्या तीन तासांतच मारली गेली, असे वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी अभ्यासात आढळले. म्हणजे येथे विलंब हाच मारेकऱ्याचा साथीदार ठरतो.

तथापि इशाऱ्याचे अर्थशास्त्रही समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत मुले बेपत्ता झाल्याच्या साडेतीन लाखांच्या आसपास नोंदी एका वर्षात होतात. अंबर इशारे मात्र दोनशेहून कमी निघतात. अपहरणाची खात्री, जिवाला धोका आणि शोधास उपयोगी पडेल असे वर्णन, या अटी पुऱ्या झाल्याखेरीज इशारा देऊ नये असा दंडक आहे. तो योग्यच म्हटला पाहिजे. लोकांचे लक्ष ही मर्यादित संपत्ती आहे. सरकारने नोटा भरमसाट छापल्या की त्यांचे मोल घटते. तसेच इशारे भरमसाट झाले की लोक फोनचा आवाज बंद करतात. परंतु ज्या लाखो नोंदींसाठी दवंडी पिटली जात नाही, त्यांत घरातील मारहाणीला कंटाळून निघून गेलेली आणि पुढे बाजारात विकली जाणारी मुलेही असतात. शिवाय टिमोथी ग्रिफिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, पुष्कळसे इशारे आईबापांच्या ताब्याच्या भांडणातून उद्भवलेले असतात. ज्या अनोळखी मारेकऱ्यासाठी ही यंत्रणा उभारली, त्याच्यापुढे ती बहुधा तोकडी पडते.

आणि दवंडी कोणासाठी, हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. 2016 साली नवाहो आदिवासींच्या प्रदेशातून अकरा वर्षांच्या एका मुलीला पळविण्यात आले. इशारा निघेपर्यंत दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली आणि पुढे हाती लागला तो मृतदेहच. आदिवासी प्रदेशांना ही यंत्रणा नीट उपलब्ध व्हावी यासाठी 2018 साली वेगळा कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी ‘एबनी अलर्ट’ 2024 पासून सुरू झाला. सर्वांसाठी असलेल्या यंत्रणेत काहींसाठी स्वतंत्र दार उघडावे लागते, यातच त्या समाजाची कबुली आहे.

आपल्याकडे तर अडचण दवंडीच्याही आधीची आहे. नोएडाजवळच्या निठारीत मोलमजुरी करणाऱ्या स्थलांतरितांची मुले एकामागून एक नाहीशी होत होती. आईबाप पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत होते आणि त्यांची तक्रार घेतली जात नव्हती. डिसेंबर 2006 मध्ये तेथील नाल्यातून सांगाडे बाहेर आले, तेव्हा देश हादरला. मूल बेपत्ता झाल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदविलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2013 साली ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर द्यावा लागला. जे मूल कागदावरच येत नाही, त्याच्यासाठी इशारा कोण देणार?

राज्यसंस्था जेथे मौन पाळते, तेथे अफवा बोलू लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात भिक्षुकीसाठी आलेल्या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. मोबाइलवरून फिरणारे संदेश हीदेखील एक दवंडीच होती. मात्र तिच्यामागे ना चौकशी होती, ना जबाबदारी. तिने एकही मूल वाचविले नाही. पाच गरिबांचे प्राण तेवढे घेतले. म्हणूनच इशारा देण्याचा अधिकार उत्तरदायी यंत्रणेकडेच असावा, त्यात मजकूर पडताळलेलाच असावा, कोणत्याही जातीजमातीकडे बोट नसावे, आणि मूल सापडताच तो मागे घेऊन त्याचे नाव व छायाचित्र लोकांच्या नजरेआड करावे.

ज्या 1996 साली टेक्सासमध्ये ही कल्पना निघाली, त्याच वर्षी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून 1098 हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. तिकडे राज्य लोकांना हाक मारीत होते. इकडे फलाटावरचे पोर समाजाला हाक मारू शकत होते. 2023 पासून ही सेवा सरकारच्या हाती आहे, आणि त्याच वर्षी आपत्तीच्या इशाऱ्यांचे चाचणी संदेशही देशभरच्या फोनांवर खणखणले. तात्पर्य, तंत्र आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती पोलीस ठाण्याच्या टेबलाशी. तेथे उसतोड कामगाराची बायको आपले मूल हरवल्याचे सांगू लागली, तर तिला बसायला खुर्ची मिळते काय आणि तिची तक्रार त्याच घटकेला लिहून घेतली जाते काय, याची तपासणी आधी झाली पाहिजे. तेथे उत्तर ‘होय’ असे आले, तरच फोनवरची दवंडी साऱ्यांची होईल; एरवी ती पुन्हा गावकुसाच्या आतच घुमत राहील.