पंचवीस वर्षांची हमी



आमच्या धडगावाला उन्हाचे नवल नाही. कैरीच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करण्याची इथली चाल जुनी आहे. आता त्याच उन्हावर वीज करणारी सौर पॅनेल छपरांवर बसू लागली आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यामुळे चौकशी वाढली. दुकानदार म्हणतो, "गुरुजी, पंचवीस वर्षांची गॅरंटी!" आणि आपण निर्धास्त होतो. ही पंचवीस वर्षे नेमकी कशाची, हे विचारायचे मात्र राहून जाते.

ती हमी पॅनेलच्या क्षमतेची असते. पॅनेल वर्षागणिक थोडे थोडे थकते. पंचवीस वर्षांनी ते मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांखाली जाणार नाही, एवढेच कंपनी बहुधा कबूल करते. म्हणजे ५०० वॉटचे पॅनेल तेव्हा ४०० वॉटवर आले, तर तक्रारीला जागा नाही. कारखान्यातून आलेल्या दोषाची हमी वेगळी. ती बहुधा दहा-बारा वर्षांची. इन्व्हर्टर आधी बिघडतो, पण त्याची हमी पुष्कळदा पाच ते दहा वर्षांचीच असते. बसवणाऱ्याच्या कामाची जबाबदारी आणखी निराळी. सूर्यघर योजनेत त्याने पाच वर्षे देखभाल करायची आहे, हे ध्यानात ठेवा.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींचा इन्व्हर्टर दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडला. हमी शाबूत होती. पण कागदावर बारीक अक्षरांत लिहिले होते, यंत्र बदलून मिळेल. ने-आण आणि मजुरी ग्राहकाची. झाले! चांदसैली घाट उतरून यंत्र न्यायचे, नवे वर आणायचे आणि कारागिराची वाट पाहायची. फुकट म्हटलेली दुरुस्ती त्यांना चांगलीच महाग पडली.

म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारा. ने-आणीचा आणि मजुरीचा खर्च कोणाचा? कारागीर किती दिवसांत येईल? वादळ, गारा, आकाशातली वीज यांचे नुकसान हमीत धरले आहे का? बहुधा नसतेच, त्यासाठी विमा निराळा. उत्तरे तोंडी नकोत, लिहून आणि सही-शिक्क्यासह घ्या. प्रत्येक पॅनेलचा क्रमांक बिलावर उतरवून घ्या.

आणखी एक. पहिल्या महिन्यापासून तयार झालेली युनिटे वहीत मांडा. पॅनेल पुसून स्वच्छ ठेवा आणि यंदाच्या मार्चची गाठ गेल्या मार्चशी घाला. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर हीच वही कामाला येईल. शिक्षक मित्रांनी टक्केवारी शिकवताना मुलांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा.

एवढे करूनही कोणी दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जायला हवे.

तेव्हा व्यवहार ठरवण्याआधी हमीपत्र घरी आणा आणि शिकत्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.