मालगाडी डिझेलची की विजेची?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



विषय थोडा रुक्ष आहे. त्यातून आपल्या शिरूर तालुक्यात रूळच नाहीत. पण दौंडकडच्या मालगाड्यांवर नोकरी काढल्यावर मला वाटतं, निमोण्याच्या माणसाला हा हिशेब लवकर कळेल. आपल्या विहिरींवर आधी डिझेल इंजिन होतं, मग मोटार आली. मोटारीचं पाणी स्वस्त, पण त्याआधी खांब, तारा, डीपी हवी. आणि डीपी जळाली की इंजिनवाल्याच्या दारात आपणच उभे! रेल्वेचंही तसंच, फक्त तारेत दाब 25,000 व्होल्टचा.

गंमत अशी, की रेल्वेचं डिझेल इंजिनही चाकं विजेच्या मोटारींनीच फिरवतं. डिझेल जाळून वीज करायची, ती मोटारींना द्यायची. म्हणजे वीजघर पाठीवर घेऊन हिंडायचं. त्यामुळे ताकदीला मर्यादा येते. जुनं डब्ल्यूडीएम-2 हे 2,600 अश्वशक्तीचं, तर आजचं विजेचं डब्ल्यूएजी-9 सहा हजारांच्या वर. भरलेली गाडी चढावर असली की हा फरक पाठीला जाणवतो. उतारावर तर विजेच्या इंजिनाच्या मोटारीच वीज तयार करून तारेत परत पाठवतात. बोरघाटात चढ 37 फुटांना एक फूट. तिथं 1928 च्या सुमारास आलेली ‘खेकडा’ इंजिनंसुद्धा हे करत. डिझेल इंजिनात तीच शक्ती उष्णता होऊन वाऱ्यावर जाते.

मग मुंबईची तार 1930 च्या आसपास पुण्याला पोचल्यावर दौंडला यायला ऐंशीहून जास्त वर्षं का लागली? कारण तारेचा खर्च गाडी धावो न धावो, होतोच. गाड्या भरपूर असतील तरच तो फिटतो. कोकण रेल्वेचं बघा. 741 किलोमीटरचं काम 2022 मध्ये पुरं झालं, खर्च 1,287 कोटी. वर्षाला इंधनाचे दीडशे कोटी वाचतील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. भागाकार केला तर साडेआठ वर्षं. व्याज आणि तारांची देखभाल धरली तर आणखी लांबेल. धूरही नाहीसा होत नाही; कोळशाची वीज असेल तर तो चंद्रपूरसारख्या ठिकाणी निघतो, आणि तिथले लोक तो सोसतात.

तरीही गर्दीच्या मार्गावर माझं मत विजेच्या बाजूनं आहे. मात्र आयुष्य शिल्लक असलेली सगळी डिझेल इंजिनं मोडीत काढायला माझा विरोध आहे. वादळात तार तुटली की तिच्याखाली सगळंच थांबतं; मदतगाडी ओढायला डिझेलच लागतं. प्रत्येक मोठ्या जंक्शनला दोन-चार इंजिनं चालू ठेवावीत. आणि नुसत्या आवाजावरून बिघाडाचा सिलिंडर ओळखणारे मिस्त्री निवृत्त व्हायच्या आत त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं द्यावीत. आपल्या शाळेतली चार गेली, तर मला आनंदच आहे.