भाषेचा तास आणि मागच्या बाकाचे मौन

(नातेपुते येथे शिक्षक-पालकांपुढे केलेले भाषण)



मी जन्मभर अर्थशास्त्र शिकविले. भाषेच्या अध्यापनावर बोलण्याचा माझा अधिकार केवळ एके काळच्या विद्यार्थ्याचा आहे. पाचवीत धडा वाचताना मी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणालो. गुरुजींनी माझी नक्कल केली, वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडले नाही. पुढच्या वर्षी आलेल्या बाईंनी प्रथम आमच्या घरचे विहिरीचे, पिकांचे, मेंढरांचे शब्द विचारले आणि फळा भरून लिहिले. मग ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद समजावला. चूक दोघांनीही दाखविली. पण एकाने मला गप्प केले, दुसरीने बोलते केले.

गणित मनातल्या मनात सोडविता येते. भाषा मात्र बोलल्यावाचून, चुकल्यावाचून येत नाही. म्हणून भाषेच्या तासाला भीती सर्वांत महाग पडते. आणि तिची किंमत कोण मोजतो? ज्याच्या घरची बोली पुस्तकात नाही, तो ऊसतोड्याचा, मेंढपाळाचा मुलगा.

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांना वाचनाची ओढ लागली ती या जिव्हाळ्यातून.

परंतु जिव्हाळा ही केवळ शिक्षकाच्या सद्गुणाची बाब आहे असे म्हणून सरकारला मोकळे सोडू नका. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाला पहिली 3 वर्षे दरमहा 3,000 रुपये मानधन! ते 16,000 व्हायला 2023 साल उजाडले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली, हे योग्यच झाले. पण स्वतःच्याच उद्याची धास्ती असलेल्या शिक्षकाने मुलांना निर्भय करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी याच गावी मुक्कामाला येते. 1290 साली त्यांनी गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत आणला. त्या बोलीला वर्गात हसू देऊ नका. शिक्षकाच्या स्थैर्यासाठी अवश्य लढू. पण मागच्या बाकावरील मुलाला ‘बोल बाळ, चुकलास तरी चालेल’ असे म्हणायला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.